पंपावरचं दुसरं नोझल कोणी लावायचं?

गेली सहा वर्षं मी सीएनजीची गाडी चालवतेय. एवढ्या काळात एक सवय अंगवळणी पडलीय, लांब कुठे जायचं ठरलं की मी रस्ता, हवामान, मुक्काम वगैरे नंतर बघते, आधी वाटेत गॅसचे पंप कुठे कुठे आहेत ते बघते, मग त्यातला कुठला रात्री उघडा असतो, कुठला रस्त्याच्या पलीकडे आहे आणि त्यासाठी वळसा किती पडेल, हे सगळं कागदावर लिहून काढते आणि मगच निघते. पेट्रोलची गाडी असणाऱ्या कोणाला असं करताना मी आजवर पाहिलेलं नाही. काटा खाली आला की समोर पंप दिसतो, पाच मिनिटांत माणूस बाहेर. इंधन मिळेल की नाही हा प्रश्नच त्यांच्या डोक्यात येत नाही, आणि मला वाटतं कुठलंही इंधन रुळलं की नाही हे ओळखायची हीच खरी खूण आहे.

मागच्या महिन्यात परतीच्या प्रवासात तीन पंपांवर थांबले. पहिल्यावर मुलगा म्हणाला ताई गॅस संपलाय, गाडी यायचीय, कधी येईल सांगता येत नाही. दुसऱ्यावर रांग होती, पाऊण तास थांबले, माझा नंबर आला तेव्हा प्रेशर इतकं पडलं होतं की सिलिंडर अर्धाही भरला नाही. तिसऱ्यावर सीएनजीचा भलामोठा बोर्ड होता, दिवे लागलेले होते, आणि डिस्पेन्सरला, म्हणजे गॅस भरायच्या मशीनला, दोरी बांधलेली होती. शेवटी पेट्रोल टाकलं आणि घरी आले. बरं, माझ्या गाडीत पेट्रोलची टाकी आहे म्हणून आले तरी, ज्यांच्याकडे दुसरी सोयच नाही त्यांनी काय करायचं?

त्या रात्रीपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. पंपांना कायद्यानेच सांगितलं पाहिजे का, की बाबांनो पेट्रोल डिझेल विकता ना, मग त्याच्या जोडीला किमान एक पर्यायी इंधन ठेवा? इथेनॉल ठेवा, गॅस ठेवा, चार्जर लावा, पण काहीतरी ठेवा. मी ह्यावर बरंच वाचलं, माझा मामा कित्येक वर्षं पेट्रोल पंप चालवतो त्याच्याशी भांडले पण, आणि आता माझं मत बऱ्यापैकी पक्कं झालंय म्हणून लिहितेय. हो, सक्ती हवी. पण ज्या पद्धतीने ती बहुतेक ठिकाणी लिहिली जाते त्या पद्धतीने नको.

सक्ती का हवी ते आधी सांगते. पंपवाला म्हणतो गिऱ्हाईक नाही तर मी मशीन कशाला लावू. गिऱ्हाईक म्हणतं पंप नाहीत तर मी तसली गाडी कशाला घेऊ. गाडी बनवणारा म्हणतो कोणी घेतच नाही तर मी बनवू कशाला. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि तिघं मिळून गाडं अडवून बसलेत. अशा वेळी कोणीतरी बाहेरून येऊन एकाला तरी सांगावं लागतं की तू आधी सुरुवात कर. आणि तिघांत पंपवाल्याला सांगणं त्यातल्या त्यात सोपं, कारण त्याच्याकडे जागा आहे, रस्ता आहे, परवाने आहेत, आणि लोकांना तिथे थांबायची सवय आहे.

हे असं आधी झालेलं आहे, आणि ते फार कोणाला आठवत नाही. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारं यंत्र, बसणार होते आणि शिसं असलेलं पेट्रोल त्यात गेलं की कन्व्हर्टर निकामी होतो. म्हणजे गाड्या रस्त्यावर यायच्या आत बिनशिशाचं पेट्रोल सगळीकडे मिळायला हवं होतं. तिथल्या पर्यावरण खात्याने १९७३ मध्ये नियम काढला की वर्षाला २ लाख गॅलन किंवा जास्त पेट्रोल विकणाऱ्या पंपांनी १ जुलै १९७४ पासून शिसं नसलेलं पेट्रोल ठेवलंच पाहिजे. २ लाख गॅलन म्हणजे साधारण साडेसात लाख लिटर. गाड्या नंतर आल्या, इंधन आधी आलं. आणि नुसतं ठेवा म्हणून सोडून दिलं नाही, नोझल बारीक केलं आणि नव्या गाड्यांच्या टाकीचं तोंडही त्या मापाचं केलं, म्हणजे शिशाचं जाड नोझल त्यात शिरणारच नाही. तरी काही लोकांनी टाकीचं ते अरुंद तोंड तोडून, नरसाळं लावून शिशाचं पेट्रोल ओतलंच, कारण ते स्वस्त होतं. पण एकंदरीत काम झालं. १९९६ पासून तिथे रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाच्या पेट्रोलवर पूर्ण बंदी आली आणि जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये बाहेर पडला. मला ह्या सगळ्यात ती नोझलची मापं फार आवडतात. कोणीतरी ऑफिसात बसून फक्त कायदा लिहिला नाही, गाडीजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात काय असेल ह्याचा विचार केला.

आता ह्याच्या उलट स्वीडन. पर्यायी इंधनाच्या सक्तीबद्दल बोलायचं तर स्वीडनला टाळून पुढे जाता येत नाही. त्यांच्या संसदेने डिसेंबर २००५ मध्ये कायदा केला, तिथले लोक त्याला सरळ ‘पंप कायदा’च म्हणतात, तो १ एप्रिल २००६ पासून लागू झाला. वर्षाला ३००० घनमीटर म्हणजे ३० लाख लिटरपेक्षा जास्त पेट्रोल डिझेल विकणाऱ्या पंपाने किमान एक नूतनीकरणक्षम इंधन ठेवायचं. मग ही मर्यादा टप्प्याटप्प्याने १००० घनमीटरपर्यंत खाली आणली. कुठलं इंधन ते कायद्याने सांगितलं नव्हतं, इथेनॉल ठेवा, बायोगॅस ठेवा, बायोडिझेल ठेवा, तुमची मर्जी. वाचायला किती छान वाटतं ना, सरकारने कोणाची बाजू घेतली नाही, बाजाराला ठरवू दिलं.

बाजाराने काय ठरवलं तर जवळजवळ प्रत्येकाने ई८५ चं, म्हणजे ८५ टक्के इथेनॉलचं मशीन लावलं. कारण उघड आहे. इथेनॉल द्रवरूप आहे, जमिनीखालच्या टाकीत राहतं, जवळपास तशाच मशीनमधून येतं, तर बायोगॅससाठी कॉम्प्रेसर लागतो, गॅस साठवायचे सिलिंडर लागतात, पाइपलाइन नाहीतर गॅस आणणारे ट्रक लागतात आणि खर्च कितीतरी पट. सक्ती आहे म्हटल्यावर माणूस सगळ्यात स्वस्तात सुटायचा मार्ग बघणार, मीही तेच केलं असतं. नंतर सरकारला बायोगॅससारख्या पर्यायांसाठी वेगळं अनुदान आणावं लागलं. म्हणजे ‘कुठलंही चालेल’ असा लिहिलेला कायदा प्रत्यक्षात ‘इथेनॉल लावा’ असाच निघाला, फक्त तसं कोणी कागदावर लिहिलेलं नव्हतं.

तरीही सुरुवातीला तो यशस्वी दिसला हे मान्य केलं पाहिजे. काही वर्षांत दीड हजारांहून जास्त पंपांवर ई८५ मिळायला लागलं, पर्यावरणपूरक गाडी घेणाऱ्याला २००७ ते २००९ मध्ये १०,००० क्रोनरचं बक्षीस होतं, आणि फ्लेक्स-फ्युएल गाड्या, म्हणजे पेट्रोल इथेनॉल कसलंही मिश्रण चालणाऱ्या, दोन लाखांच्या वर गेल्या. एवढ्याशा देशात. पण फ्लेक्स गाडीची गंमत अशी की तिला इथेनॉल *चालतं*, *लागतं* असं नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे ई८५ वर गाडी पंचवीस ते तीस टक्के जास्त पिते. २००८ च्या शेवटी जगात तेल स्वस्त झालं आणि त्याच फ्लेक्स गाड्यांचे मालक शेजारच्या पेट्रोलच्या नोझलकडे वळले. मग परत थोडं सावरलं, मग २०१४ च्या सुमारास तेल पुन्हा कोसळलं, इथेनॉलवरची करसवलतही आटली, आणि ई८५ ची विक्री पार बसली. मशीनं तशीच उभी. कायद्याने पंपाला बांधलं होतं, गिऱ्हाइकाला बांधलं नव्हतं, आणि भावाला तर कोणीच बांधू शकत नाही.

शिवाय खेड्यापाड्यातले छोटे पंप. ते तसेही बंद पडत होते, पण मर्यादा खाली आल्यावर हे नवीन मशीन लावायचं की शटर ओढायचं असा प्रश्न त्यांच्यापुढे आला अशी ओरड झाली. संसदेच्या वाहतूक समितीने २००९ मध्ये ह्या कायद्याचा आढावाही घेतला. ज्या गावात एकच पंप असतो तिथे तो बंद होणं म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला पटकन कळत नाही. सगळ्यात जवळचं इंधन तीस चाळीस किलोमीटरवर जातं, आणि पर्यायी इंधन द्यायला निघालेला कायदा असलेलंच इंधन काढून घेतो.

हे सगळं मी मामाला सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता आणि मग म्हणाला, “अगं तू देशांच्या गोष्टी सांगतेस, मला माझ्या आवारात काय होईल ते सांग.” मी म्हटलं, “मग तूच सांग ना मामा.”

तर मामाचं म्हणणं असं. त्याच्याकडे जमिनीखाली तीन टाक्या आहेत. इथेनॉल ठेवायचं तर त्यातली एक रिकामी करून द्यावी लागेल, म्हणजे चालत्या मालाची जागा जाईल. आणि टाकी नुसती रिकामी करून भागत नाही. इथेनॉल पाणी ओढतं, टाकीच्या तळाशी थोडंसं पाणी असलं की पेट्रोलमध्ये ते तळाशी पडून राहतं, काढता येतं, पण मिश्रणात इथेनॉल ते शोषून घेतं आणि पाणी एका प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होऊन खाली बसतं. तो माल गेला. त्यामुळे टाकी आतून धुवायची, पाणी शिरायच्या जागा बुजवायच्या, जुनी रबरी सीलं, होस, गॅस्केट बदलायची कारण इथेनॉलने काही प्रकारचं रबर फुगतं, आणि काही धातू झिजतात. बरं, एवढं करून माल खपला नाही तर तो जितके दिवस पडून राहील तितका पाण्याचा धोका वाढणार. “विक्री नसलेलं इंधन ठेवणं म्हणजे खराब होण्याची वाट बघणं आहे,” मामा म्हणाला.

आणि गॅस म्हटलं तर त्याच्याकडे जागाच नाही. कॉम्प्रेसर, सिलिंडरचा कॅस्केड म्हणजे एकमेकांना जोडलेली रांग, प्रत्येकापासून सोडायचं सुरक्षित अंतर, हे सगळं मांडलं की गाड्या फिरायला आवार उरत नाही. चार्जर म्हटलं तर १५० किलोवॅटचे चार लावले तर ६०० किलोवॅट भार, एवढ्यासाठी बहुतेक ठिकाणी स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो कधी बसेल हे पंपवाल्याच्या हातात नसतं, ते वीज कंपनीच्या हातात असतं.

मी म्हटलं, “म्हणजे सक्ती नकोच म्हणतोस?” तर तो चटकन म्हणाला, “तसं नाही. सगळ्यांना केली तर मला चालेल. एकट्याने खर्च केला तर शेजारचा पंप माझ्यावर हसेल, सगळ्यांनीच केला तर कोणाचंच बिघडत नाही. पण माझ्यासारख्याला आणि हायवेवरच्या त्या मोठ्याला एकाच मापाने मोजू नका, आणि मला मशीन लावायला लावलंत तर त्यात टाकायला मालही द्या.”

हे शेवटचं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटलं. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार. पंप हा पोहरा आहे. कायदा पोहऱ्याबद्दल लिहिला जातो आणि आडाकडे कोणी बघत नाही.

ब्राझीलकडे बघा. तिथे १९७५ मध्ये सरकारने इथेनॉलचा मोठा कार्यक्रम सुरू केला, ऊस होता, साखर कारखाने होते, तेलाचा फटका नुकताच बसला होता. १९७९ पासून पूर्ण इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्या आल्या आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर तर विकल्या जाणाऱ्या नव्या कारपैकी ९० टक्क्यांहून जास्त इथेनॉलच्या होत्या, पंप सगळीकडे होते. म्हणजे जे स्वीडनला वीस वर्षांनी जमवायचं होतं ते ब्राझीलने जमवून दाखवलं होतं. मग तेल स्वस्त झालं, साखरेचे भाव चढले, कारखान्यांना इथेनॉलपेक्षा साखर काढणं परवडायला लागलं आणि १९८९ मध्ये पंपांवर इथेनॉलच संपलं. ह्या गाड्या फ्लेक्स नव्हत्या, दुसरं काही टाकायची सोयच नाही. रांगाच रांगा. लोकांचा विश्वास असा उडाला की पुढच्या काही वर्षांत इथेनॉलच्या नव्या गाड्यांची विक्री जवळजवळ शून्यावर आली. पंप होते, नोझल होती, कायदे होते, सगळं जागच्या जागी होतं. फक्त माल नव्हता.

तो विश्वास परत यायला २००३ साल उजाडावं लागलं, तेव्हा फोक्सवॅगनने तिथे ‘गोल’ नावाची फ्लेक्स गाडी आणली, ती दोन्हीवर चालते. आता तिथला ड्रायव्हर पंपावर उभा राहून साधा हिशोब करतो, इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. शाळेतल्या मुलालाही जमेल असा हिशोब. मला वाटतं फ्लेक्स गाडीचं तंत्र जितकं महत्त्वाचं होतं तितकंच हे, की माणूस पुन्हा एकदा अडकून पडणार नाही ह्याची खात्री मिळाली. एकदा रात्री रिकाम्या पंपावर उभं राहिलं ना, की ती भीती वर्षानुवर्षं जात नाही. हे मी वाचून सांगत नाहीये.

पाकिस्तानातही तेच. २०१० च्या आसपास तिथे वीस लाखांहून जास्त सीएनजी गाड्या होत्या, तीन हजारांवर स्टेशनं होती, जगात सगळ्यात पुढे असलेल्या देशांत त्यांचं नाव होतं. गॅस कमी पडायला लागल्यावर आठवड्यातले काही दिवस स्टेशनं बंद, हिवाळ्यात घरांना गॅस द्यायचा म्हणून महिनोन्‌महिने बंद. न्यूझीलंडने १९८० च्या दशकात लाखभर गाड्या सीएनजीवर आणल्या होत्या, सरकार बदललं, सवलती गेल्या, आणि काही वर्षांत सगळं विरून गेलं.

अमेरिकेची गोष्ट मात्र वेगळी आणि मला ती जास्त खटकते. तिथे १९८८ च्या एका कायद्याने पर्यायी इंधनावर चालू शकणाऱ्या गाड्या बनवल्या तर कंपन्यांना मायलेजच्या नियमांत सवलत मिळायला लागली. गाडी *चालू शकते* एवढंच पुरेसं होतं, ती खरंच त्या इंधनावर चालते का हे कोणी विचारणार नव्हतं. दोन कोटींहून जास्त फ्लेक्स गाड्या रस्त्यावर आल्या. टाकीचं झाकण पिवळं असायचं ओळखण्यासाठी. पण ई८५ मिळणारे पंप दीड लाखाच्या आसपासच्या पंपांत चार साडेचार हजार, तेही बहुतेक मक्याच्या पट्ट्यातल्या राज्यांत, आणि कित्येक मालकांना आपली गाडी फ्लेक्स आहे हे माहीतही नव्हतं. स्वीडनने पंपांना बांधलं, अमेरिकेने गाड्या बनवणाऱ्यांना गोंजारलं, दोघांनीही एकच बाजू उचलली आणि दुसरी सोडली.

त्यात अजून एक अडचण होती जी बाहेरच्याला दिसत नाही. पंप बऱ्याचदा एखाद्या मोठ्या तेल कंपनीच्या नावाखाली चालतो आणि करारातच लिहिलेलं असायचं की छपराखाली आमचाच माल विकायचा. म्हणजे डीलरला इथेनॉल ठेवायची इच्छा असली तरी हात बांधलेले. २००७ च्या ऊर्जा कायद्यात शेवटी असं लिहावं लागलं की नूतनीकरणक्षम इंधनाचं मशीन लावायला करारातून मनाई करता येणार नाही. म्हणून मला वाटतं सक्तीचा पहिला भार डीलरवर न टाकता ज्याचं नाव बोर्डावर आहे त्याच्यावर टाकावा. माल त्याचा, करार त्याचा, नफ्यातला मोठा वाटा त्याचा.

मग आता विजेच्या गाड्या आल्या आणि प्रश्न अजून बदलला. पेट्रोल पंप ही चार्जरसाठी बरोबर जागा आहे का? माझं मत, शहरात नाही. गाडी जिथे तासन्‌तास उभी असते, घर, ऑफिस, बाजार, तिथे चार्जर हवा. पंपाची रचनाच पाच मिनिटांत गाडी बाहेर काढायची आहे, आणि फास्ट चार्जरवरसुद्धा वीस तीस मिनिटं जातात. पण लांबच्या रस्त्यावर पंप ही अगदी योग्य जागा आहे, तिथे दिवे असतात, माणसं असतात, टॉयलेट असतं, आणि रात्री एकट्या बाईला अर्धा तास थांबायचं असेल तर ह्या तिन्ही गोष्टी चार्जरच्या किलोवॅटइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

ब्रिटनने २०१८ च्या कायद्यात मोठ्या इंधन विक्रेत्यांना आणि मोटरवेवरच्या थांब्यांना चार्जर लावायला भाग पाडायचा अधिकार सरकारला दिला. जर्मनीने जून २०२० मध्ये जाहीर केलं की सगळ्या पंपांवर चार्जर आणायचे. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये वेगळा रस्ता धरला, पंपाला काही सांगितलंच नाही, देशांना सांगितलं, की मुख्य महामार्गांवर दर ६० किलोमीटरला दोन्ही दिशांना चार्जिंगची सोय करा, २०२५ अखेरपर्यंत प्रत्येक ठिकाणी मिळून ४०० किलोवॅट, आणि २०३० अखेरपर्यंत हायड्रोजन दर २०० किलोमीटरला. मला ही पद्धत पटते. कारण गाडी चालवणाऱ्याला कुठल्या पंपावर काय आहे ह्याच्याशी देणंघेणं नसतं, पुढच्या साठ किलोमीटरमध्ये मिळेल का एवढंच विचारायचं असतं. पंपांच्या टक्केवारीवर बांधलेल्या नियमात असं होतं की एकाच चौकात चार पंपांवर सोय आणि पुढे दीडशे किलोमीटर काही नाही. कागदावर आकडा पूर्ण, रस्त्यावर माणूस अडकलेला.

(हायड्रोजनबद्दल दोनच वाक्यं. कॅलिफोर्नियाने २०१३ पासून वर्षाला २ कोटी डॉलरपर्यंत देऊन १०० पंप उभे करायचं ठरवलं, पण ७०० बार दाबाने, उणे ४० अंशांपर्यंत थंड करून भरायचं मशीन सारखं बिघडतं आणि माल पोचत नाही, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शेलने तिथले आपले कारचे हायड्रोजन पंप कायमचे बंद केले. ज्यांनी गाड्या घेतल्या होत्या त्या लोकांचं मला खरंच वाईट वाटतं.)

भारतात नोव्हेंबर २०१९ मध्ये पेट्रोल डिझेल विकायच्या परवान्यांबद्दल सरकारचा जो निर्णय झाला त्यात नव्याने परवाना घेणाऱ्या कंपन्यांना अट आहे की पंप सुरू झाल्यापासून ३ वर्षांत तिथे सीएनजी, एलएनजी (द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू), जैवइंधन किंवा चार्जिंग ह्यापैकी किमान एक हवं. ह्यातला एक भाग मला आवडला, नव्या पंपावर अट. नवीन आवार आखतानाच एका बाजूला जागा सोडणं, ज्यादा टाकी पुरणं, जास्त भाराची केबल टाकून ठेवणं सोपं असतं, चालू पंप खणून हेच करायचं म्हणजे धंदा बंद ठेवून करायचं. पण ‘किमान एक, कुठलंही’ हे वाचलं की मला परत स्वीडन आठवतं. सगळ्यात कमी खर्चाचा एखादा मंद चार्जर कोपऱ्यात लावला की अट पूर्ण. तो चालतो का, कोणी वापरतं का, हे कोण बघणार?

आणि माझं घोडं नेमकं इथेच अडतं. मी ज्या तीन पंपांवर थांबले ना, त्या तिन्हींवर सीएनजी ‘उपलब्ध’ होता. कुठल्याही यादीत, नकाशावर, अहवालात ते तीन पंप तीन म्हणूनच मोजले जाणार. गाडीच्या सिलिंडरमध्ये गॅस २०० बार दाबाने भरायचा असतो, पंपाकडच्या साठ्यात त्याहून जास्त, २५० बारपर्यंत दाब ठेवावा लागतो तेव्हा कुठे तो गाडीत जातो. जिथे पाइपलाइन नाही तिथे ट्रकवरून सिलिंडर येतात, आणि ते रिकामे होत गेले की दाब उतरतो, मग गॅस आहे पण गाडीत जात नाही अशी अवस्था येते. उन्हाळ्यात भर दुपारी भरला की गॅस तापलेला असतो, काटा पूर्ण दाखवतो आणि गार झाल्यावर कळतं की कमीच भरलाय. मशीन आहे का ह्या प्रश्नाच्या उत्तरात हे काहीच येत नाही.

चार्जरच्या बाबतीत हे लोकांच्या लक्षात आलंय. अमेरिकेत सरकारी पैशातून महामार्गांवर उभारलेल्या चार्जरसाठी २०२३ पासून नियम आहे की प्रत्येक पोर्ट वर्षातला ९७ टक्क्यांहून जास्त वेळ चालू असला पाहिजे. ब्रिटनने त्याच वर्षी फास्ट चार्जरच्या नेटवर्कला सरासरी ९९ टक्क्यांची अट घातली. मग हेच इथेनॉलच्या आणि गॅसच्या नोझलला का नाही? मशीन लावलं की सुटलात असं नको, वर्षातले किती तास त्यातून इंधन मिळालं ते मोजा. दाब किती होता तेही मशीन नोंदवू शकतंच. माल संपला तर नकाशावर लगेच लाल दिसू दे, म्हणजे मी वीस किलोमीटर वाकडी वाट करून जाणार नाही. आणि तास भरले नाहीत तर आधी विचारायचं ते पुरवठा करणाऱ्या कंपनीला, कारण ट्रक आला नाही ह्यात पंपावरच्या मुलाचा काय दोष, तो बिचारा दिवसभर शिव्या खातो.

छोट्या पंपांना मर्यादेच्या बाहेर ठेवा, पण ती मर्यादा स्वीडनसारखी खाली खाली आणत नेऊ नका, त्यापेक्षा अंतर बघा. आजूबाजूच्या साठ किलोमीटरमध्ये काहीच नाही आणि एकच छोटा पंप आहे, तर तिथे मशीन सरकारी पैशातून लावा, डीलरच्या खिशातून नको.

काल मामाचा फोन आला होता. त्याने स्वतःच्या विक्रीचे आकडे काढून बघितले होते, स्वीडनची पहिली मर्यादा लावली तर तो सुटतो, सगळ्यात खालची लावली तर अडकतो. मग म्हणाला, “तीन टाक्यांपैकी एक तशीही अर्धीच भरतो मी, ती देईन. पण टँकर दर आठवड्याला येणार असं कोणीतरी लिहून दिलं तर.” मी विचारलं, “आणि नाही दिलं लिहून तर?” तो म्हणाला, “मग मी पण दोरी बांधून ठेवीन, दुसरं काय करणार.”